कुठे ठणठणीत, कुठे नाही

रोज सकाळी हजेरीची घंटा झाली की निशिनाबाई पायातले शाळेचे बूट काढून हातात घ्यायच्या आणि नुसत्या मोज्यांवर लांबच लांब व्हरांडा चालत जायच्या. प्रत्येक वर्गाच्या दाराशी क्षणभर थांबायच्या, डोळे मिटून घ्यायच्या. आत शिक्षक एकेक नाव घेत आणि ते मूल उत्तर देई, "हो, ठणठणीत." पुढचं नाव, पुन्हा "हो, ठणठणीत." पहिलीपासून सहावीपर्यंत अख्खी शाळा हेच म्हणायची. त्यांच्या आयांनी आणि आजोबांनीही याच खोल्यांत बसून हेच म्हटलेलं होतं. त्या शब्दाला आता काही अर्थ उरला नव्हता, म्हणून बाई आवाज ऐकायच्या. चोंदलेलं नाक, कोरडा पडलेला घसा, अपुरी झोप, निघताना आईशी झालेलं भांडण, असं पुष्कळ काही त्या एका शब्दाच्या आडून त्यांना ऐकू यायचं. शेवटच्या दाराशी बूट पुन्हा पायात घालून त्या जिना उतरायच्या, आपल्या आरोग्यखोलीत जायच्या आणि स्टोव्हवर किटली ठेवायच्या.

त्यांच्या मोज्यांचे तळवे कायम विरलेले असत. शिक्षकांना इथे सेन्सेई म्हणतात; टोफूवाल्या ओनोगींची सून एकदा म्हणाली होती, "सेन्सेई, तुमच्या दोरीवरचे मोजे बघून लोकांना वाटतं, तुम्ही शाळेत नाचायला जाता."

"नाचतेच की," बाई म्हणाल्या होत्या. "फक्त कोणी बघत नसताना."

तोकिको निशिना मूळच्या ओकुनागी गावच्या नव्हेत. समुद्रकाठच्या एका गावातून त्या इथे डोंगरात शाळेच्या परिचारिका म्हणून नोकरीवर आल्या तेव्हा तिशीही गाठली नव्हती. पुढे बदल्या झाल्या, पण फिरून फिरून त्या इथेच आल्या, आणि शेवटी गावानेही त्यांना परकं म्हणायचं सोडून दिलं. एका बाबतीत मात्र त्या परक्याच राहिल्या. बर्फ उपसणं त्यांना कधी जमलं नाही. फावडं मारून झाल्यावर त्यांच्या दारातली वाट नागमोडी दिसायची आणि शेजारचे म्हातारे ती बघायला मुद्दाम त्या बाजूने जायचे. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन यायच्या, येताना टोफूची एक वडी घ्यायच्या, रेडिओ लावून जेवायच्या. मुलांना त्यांच्याबद्दल एवढंच पक्कं ठाऊक होतं की बाईंचा हात थंडगार असतो आणि ताप असला की तो कपाळावर फार बरा वाटतो.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना एक नवं नाव पडलं होतं. ढोल गिळणाऱ्या सेन्सेई.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीत देवळापुढे बर्फाचा उत्सव भरतो. बर्फ थापून, तुडवून उंच मंच करतात आणि त्यावर उभी राहून सहावीची मुलं ढोल वाजवतात. ढोल देवळाचे. त्यांचा कारभार गावच्या ढोल मंडळाकडे, आणि मंडळाचे प्रमुख तामेझो ओनोगी, टोफूवाले. गेल्या वर्षी उत्सवाच्या तोंडावर सहावीत फ्लू शिरला. वर्ग बंद करा, असं बाई म्हणत होत्या, पण मुख्याध्यापक मुनाकातांनी "एवढा उत्सव पार पडू दे" म्हणून दिवस ढकलले. तेवढ्यात फ्लू एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेला आणि शेवटी सगळीच शाळा बंद करावी लागली. मंच उभा राहिला, दिवे लागले, पण ढोल वाजले नाहीत. फाटकावर शाळा बंदची सूचना चिकटवायला गेल्या होत्या निशिनाबाई, त्यामुळे गावाच्या लेखी ढोल त्यांनीच बंद पाडले. बाईंनी कोणाला खुलासा केला नाही. मुनाकातांनीही केला नाही. ते फक्त बाई समोर आल्या की चष्मा पुसायला लागायचे.

यंदा मंडळाने ठरवून टाकलं होतं. या खेपेलाही मुलांचे ढोल वाजले नाहीत तर ते शाळेतून उचलायचे आणि अग्निशमन दलाच्या बाप्यांना द्यायचे. बाप्ये निदान उत्सवाला उभे तरी राहतील. तामेझोंनी हे मुनाकातांना सांगितलं, मुनाकातांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, आणि सगळ्यांनी एकदम निशिनाबाईंकडे पाहिलं. बाई तेव्हा संत्रं सोलत होत्या. त्यांनी ते तसंच टेबलावर ठेवलं.

जानेवारी संपता संपता खालच्या गावात फ्लू आल्याची बातमी आली. बाईंनी कंबर कसली. प्रत्येक तासाला खिडक्या उघडायच्या, मग बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी. वर्गात दोऱ्या बांधून ओले टॉवेल टांगायचे. जेवताना समोरासमोर बसायचं नाही, सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून गप्प जेवायचं. आणि मधल्या सुट्टीत नळांच्या रांगेशी उभं राहून चहाच्या पाण्याने गुळण्या. शंभरेक मुलं मान वर करून एकदम घसा खुळखुळवायला लागली की जिन्याखालच्या आरोग्यखोलीची काचसुद्धा थरथरायची.

"सेन्सेई, खिडकी उघडी ठेवलीत तर माझं नाक गोठून पडेल," पाचवीतला एक मुलगा म्हणाला.

"पडलं तर घेऊन ये. माझ्याकडे डिंक आहे."

सहावीला शिकवायला हाझामा नावाचा तरुण शिक्षक होता, शहरातून नुकताच आलेला. ढोल आणि तो यांची आधी ओळखही नव्हती. मुलांच्या पुढे राहता यावं म्हणून तो तामेझोंकडे जाऊन, शिव्या खाऊन, तळहाताला फोड येईपर्यंत शिकला होता. त्याच्या वर्गात सगळ्यात मोठा ढोल वाजवायची ती चिनात्सु, तामेझोंची नात. अंगाने लहानशी, पण हात असा की ढोलाच्या पोटातली हवा हलायची.

ओनोगींच्या दुकानात सोयाबीनच्या काहिलीवर दोन चौकटी टांगलेल्या होत्या. सहा वर्षांत एकही दिवस शाळा न चुकवल्याबद्दल मिळालेली प्रशस्तिपत्रं. एक तामेझोंचं, वाफेने पिवळं पडलेलं. दुसरं त्यांच्या मुलाचं. त्यांच्या शेजारी तिसरा खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता, आणि टोफू घ्यायला येणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून म्हणायची, "मार्चमध्ये भरणार वाटतं जागा." चिनात्सुची सहा वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना उरला होता.

उत्सवाच्या दोन आठवडे आधीचा शुक्रवार. सकाळी बाईंनी सहावीच्या दाराशी डोळे मिटले आणि त्यांना बरं वाटलं. वर्गाचा आवाज इतका स्वच्छ बरेच दिवसांत ऐकला नव्हता. एकेक "ठणठणीत" घासून पुसून ठेवल्यासारखा. चिनात्सुचा तर सगळ्यांत खणखणीत. बाई खूश होऊन खाली आल्या.

दुपारी सरावाच्या वेळी चिनात्सुच्या हातातली काठी सुटली, उडाली आणि हाझामाच्या खांद्यावर आपटली. तो रागवायला वळला तेव्हा ती ढोलाला मिठी मारून उभी होती आणि तिचे गुडघे हळूहळू वाकत होते. पाठीवर घेऊन तो तिला आरोग्यखोलीत पळत घेऊन आला. ताप एकोणचाळीस सेल्सियसच्या वर.

बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "सकाळी कसं वाटत होतं?"

"ठणठणीत."

"ते हजेरीचं झालं. आता मी विचारतेय."

चिनात्सु छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काल रात्रीपासून हाडं दुखतायत."

"पण आवाज तर छान होता तुझा."

"मधामुळे," चिनात्सु म्हणाली, आणि तापात तिला आपण काय बोलतोय याचं भान राहिलं नाही. घरून ती एक बाटली आणायची. मध आणि आल्याचा रस. बर्फाचे बूट ठेवायच्या फळ्यांमागे उभं राहून ज्याचा घसा बसला असेल त्याने घ्यायचं. म्हणजे हजेरीला आवाज लागतो. निशिनाबाई बाहेर मोज्यांवर उभ्या असतात हे सहावीला दुसरीपासून माहीत होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. "किती जण घेतात?"

"अर्धा वर्ग. सगळ्यांना वाजवायचंय ना."

"एकाच बाटलीतून?"

"तोंड लावून नाही हं," चिनात्सु दुखावल्यासारखी म्हणाली. "झाकणाने. आम्ही काही घाणेरडे नाही आहोत."

"झाकणं किती आहेत?"

चिनात्सु विचार करायला लागली. स्टोव्हवरची किटली उकळत होती. हाझामा दारात उभा होता आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

बाईंनी तिला पांघरूण घातलं, तिच्या आईला फोन केला आणि तडक मुनाकातांच्या खोलीत गेल्या.

"आजपासून सहावी बंद करायची," त्या म्हणाल्या. "उद्यापासून नव्हे. आत्ता, दप्तरं उचलून."

मुनाकातांनी चष्मा काढला. "आजारी एकच आहे ना?"

"सापडलेली एकच आहे. अर्धा वर्ग मध पिऊन बसलाय."

"उत्सवाला दोन आठवडे राहिलेत, निशिना-सेन्सेई. सराव बंद पडला तर ओनोगीसान काय म्हणतील ते तुम्हाला..."

"दोन आठवडे आहेत म्हणूनच. गेल्या वर्षी आपण उत्सव वाचवायला वर्ग चालू ठेवला. यंदा उत्सव वाचवायला बंद करू."

मुनाकाता बराच वेळ काच पुसत राहिले. "ओनोगीसान शाळेला टोफू द्यायचं बंद करतील."

"मग अंडी खाऊ."

ते हसले नाहीत, पण चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी शाळेच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी होकार दिला. पुढच्या बुधवारपर्यंत सहावी बंद. फाटकावर सूचना चिकटवायची वेळ आली तेव्हा बाई नेहमीप्रमाणे कागद घ्यायला गेल्या, तर मुनाकाता डिंकाची बाटली घेऊन आधीच बर्फात उभे होते.

सोमवारपर्यंत सहावीतली आणखी बरीच मुलं तापाने पडली होती, आपापल्या घरी. बाई त्या सकाळीही बूट हातात घेऊन निघाल्या खऱ्या, पण दाराशी थांबल्या तरी डोळे मिटावेसे वाटेनात. आपल्या कानांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. सगळ्या वर्गांतून ठणठणीत, ठणठणीत चाललेलं. कोणी मध प्यायलं आहे आणि कोणी नाही, देव जाणे.

शेवटी पहिलीचा वर्ग. तिथे मिसुझु नावाची एक मुलगी हिवाळ्याच्या सुट्टीनंतर दुसऱ्या गावाहून आलेली होती. तिचं नाव घेतल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "हो, गुडघे ठणठणीत. कान दुखतोय."

वर्ग हसला. "मिसुझु, नुसतं ठणठणीत म्हणायचं असतं इथे," शिक्षिका म्हणाली.

"पण कान नाहीये ना ठणठणीत."

तेवढ्यात दार सरकलं. एका हातात बूट धरून निशिनाबाई दारात उभ्या. इतक्या वर्षांत हजेरीच्या वेळी ते दार कधी उघडलं नव्हतं. सगळी मुलं त्यांच्या मोज्यांकडे बघायला लागली, कारण डाव्या पायाचा अंगठा बाहेर आला होता.

"काय म्हणालीस बाळ? पुन्हा सांग."

मिसुझुने घाबरत घाबरत पुन्हा सांगितलं. आधी गुडघे, मग कान.

"फार चांगलं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "आता माझ्याबरोबर चल, कान बघू."

मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांसमोर मांडलं. उद्यापासून हजेरीला प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या. कुठे ठणठणीत आणि कुठे नाही. दोन्ही सांगितल्याशिवाय हजेरी लागायची नाही. शिक्षकांनीही सांगायचं.

"आणि काहीच दुखत नसलं तर?" हाझामाने विचारलं.

"शोधायचं. काही ना काही असतंच."

"मुलं रडकी होतील," मुनाकाता म्हणाले.

"एकट्याने सांगायचं असलं की रडकं वाटतं. सगळेच सांगतील तेव्हा काय वाटणार?"

मंगळवारी सकाळी व्हरांड्यात जत्रा भरल्यासारखं झालं. "हो, दात ठणठणीत, डोकं नाही, पहिला तास गणिताचा आहे." "हो, पोट ठणठणीत, धाकटा भाऊ नाही, त्याने माझं रबर खाल्लं." पाचवीच्या शिक्षिका म्हणाल्या, "माझी पाठ ठणठणीत, गुडघे नाहीत," आणि वर्गाने हळहळून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. हसण्याच्या लाटा येत होत्या. त्याच हसण्यात चौथीतला एक मुलगा, जो एरवी कधी तोंड उघडत नसे, खाली बघत म्हणाला, "हो, पाय ठणठणीत. काल रात्रीपासून थंडी वाजतेय." कोणी वळून बघितलं नाही. पुढच्या मुलीने लगेच आपल्या फुटलेल्या ओठांचं सांगितलं. जेवणाच्या आत तो मुलगा आईबरोबर घरी गेलेला होता. दुसऱ्या दिवशी असे आणखी काही निघाले. चौथीही दोन दिवस बंद ठेवावी लागली. पण बाकीची शाळा उभी राहिली.

इकडे ढोलांचा प्रश्न होताच. घरी बसून मुलं ताल विसरतील म्हणून हाझामाचा जीव वरखाली होत होता. वर्ग बंद झाला त्याच शुक्रवारी त्याने बाईंना विचारलं होतं, "मी एकट्याने वाजवलं तर चालेल? संध्याकाळी पाचला, व्यायामशाळेची दारं उघडी टाकून. बर्फात आवाज कुठवर जातो कोण जाणे, पण ऐकू आलं तर मुलं घरीच उशीवर वाजवतील."

"ज्यांना ताप नाही तीच वाजवतील," बाई म्हणाल्या. "ताप असलेल्यांनी पडून ऐकायचं. हात पांघरुणातच."

हा निरोप शाळेच्या पद्धतीने गेला. पहिल्या घराने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. पहिल्या घरात निरोप होता: सोमवारपासून पाचला ढोल ऐकून घरी उशीवर सराव. मधल्या घरात तो झाला: पाचला उशीसह सराव. आणि सोमवारी पाचला एक ट्रकचालक बाप काखेत मारता येतील तितक्या बसायच्या उशा घेऊन शाळेच्या दारात हजर झाला. "मोठ्या उशा बऱ्या की लहान, ते कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला आणि उशांसकट परत पाठवला.

हाझामाने वाजवायला सुरुवात केली. बाई देवळाच्या वाटेने गावात उतरल्या. बर्फ पडत नव्हतं. गल्ल्यांतून भिंतीइतके उंच ढीग, त्यांच्यावर निळा उजेड, आणि वरून येणारा ढोल मऊ होऊन छपरांवर उतरत होता. सुरुवातीला एवढंच. मग पहिल्या घरातून धप. पलीकडच्या घरातून धप, धप. कुठे माजघरातून, कुठे वरच्या मजल्यावरून, खिडक्या बंद, माणूस दिसत नाही, आणि अख्खी गल्ली उशा बडवतेय. एका घरातून ताल चुकला आणि आतून धाकट्या भावाचा आवाज आला, "चुकलीस." उत्तरादाखल एक धप भलतीकडेच बसला आणि भाऊ ओरडला.

टोफूच्या दुकानापुढे तामेझो उभे होते, हात पाठीमागे, मान जरा तिरकी.

"काय सेन्सेई, यंदाही गिळलेत ना ढोल? पोट भरलं?"

"अजून नाही भरलं. चिनात्सु कशी आहे?"

"झोपलीय. बोटं हलतायत झोपेत." त्यांनी आत काहिलीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "सहा वर्षं गेली तिची."

"नाही गेली. फ्लूची सुट्टी शाळाच देते. ती गैरहजेरीत धरत नाहीत."

"कागदावर नसतील धरत. बाक रिकामा होता की नाही?"

 बाईंनी नेहमीची वडी मागितली. तामेझोंनी पाण्यात हात घालून ती उचलली आणि खोकले. तोंड फिरवून, दाबून, पण खोकले.

"कधीपासून आहे?"

"काय कधीपासून? मी ठणठणीत आहे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"कुठे ठणठणीत आणि कुठे नाही. आजपासून मी असंच विचारते."

"मला कामं आहेत," तामेझो म्हणाले आणि आत गेले.

बुधवारी शाळेच्या जेवणात आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो-कढीत टोफू नव्हता. दुकानाची फळी लावलेली, धुराड्यातून वाफ नाही. म्हाताऱ्यांनासुद्धा हे दृश्य आठवत नव्हतं. संध्याकाळी बाई संत्र्यांची पिशवी घेऊन गेल्या आणि तोंडाला मास्क लावून दारातच उभ्या राहिल्या. सून बाहेर आली. तिच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली.

आतून चिनात्सुचा आवाज येत होता; शाळेतली नवी हजेरी एव्हाना घरोघर पोचली होती. तिचा ताप उतरला होता आणि आवाजाला हाझामाची धार चढली होती.

"ओनोगी तामेझो."

पांघरूण सळसळलं.

"ओनोगी तामेझो. हजेरी चालू आहे."

"हो," घोगरा आवाज आला. "जीभ ठणठणीत."

"आणि कुठे नाही?"

"बाकी कुठेच नाही."

"नीट सांगा, आजोबा. असं चालत नाही."

"कंबर. छाती. डोळ्यांच्या मागे. तळपाय." मग बराच खोकला. "आणि तुझी ती सेन्सेई विचारत होती तेव्हा सांगायला पाहिजे होतं, ते."

"त्या दारातच आहेत."

 सून तोंडावर ॲप्रन दाबून उभी होती. मग तामेझोंनी हाक मारली, "सेन्सेई, गेलात का?"

"नाही, आहे."

"पोरं उशीवर बसून वाजवतायत. मला आवाजावरून कळतं. मांडी घालून बसतायत. अशी सवय लागली तर मंचावर तोंडावर पडतील." खोकला. "पाय फाकवा म्हणावं. गुडघे वाकवा. जोर पोटातून आला पाहिजे. त्या हाझामाला सांगा, आणि फोनवरून नको, त्या फोनाफोनीत पायाचे कान होतील. तुम्ही स्वतः घरोघर जा."

"जाते," बाई म्हणाल्या.

आणि गेल्या. अंधार पडेपर्यंत दारोदार हिंडल्या. दारातच उभं राहून, आत न जाता, आयुष्यात कधी ढोलाला हात न लावलेली ती बाई पाय फाकवून, गुडघे वाकवून दाखवत होती. बर्फात, कोट घालून. मुलं खिडकीच्या काचेआडून बघत होती आणि तसंच करत होती. तिसऱ्या घराशी त्या घसरून बसल्या. आतला मुलगा काचेआड तसाच धप्पकन बसला, त्याला वाटलं हाही सरावाचाच भाग आहे.

गुरुवारी सहावी उघडली. काही बाकं रिकामी होती, ती एकेक करत भरली. हजेरीला हाझामा आपली फुटलेली बोटं सांगे, मुलं आपापली दुखणी सांगत, आणि मग व्यायामशाळेत जाऊन सगळी अशी वाजवत की कुठे काही दुखतंय असं कोणाला वाटलं नसतं. उत्सवाच्या आदल्या दिवशी शेवटचा मुलगा परत आला. वर्ग पूर्ण झाला. मुनाकाता दारात उभे राहून बघत होते. त्यांनी चष्म्याला हात लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी देवळापुढे मंच तयार होता. बर्फाच्या भिंतींत खोबण्या करून मेणबत्त्या लावलेल्या. माणसं इतकी दाटलेली की श्वासांचं धुकं झालं होतं. तामेझो मास्क लावून, दोन गळपट्टे गुंडाळून पुढेच बसले होते, सुनेने आणलेल्या स्टुलावर. बाई मंचाच्या बाजूला उभ्या होत्या, जिथून मुलं चढतात तिथे.

मुलं चढली. निळे अंगरखे, कपाळाला पट्ट्या. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी राहिली. चिनात्सुने मोठ्या ढोलाकडे पाठ केलेली होती. ती वळली, काठ्या वर नेल्या, आणि तिने पहिला ठोका दिला.

तो ठोका बाईंना पायाच्या तळव्यांतून वर चढल्यासारखा वाटला. मागोमाग सगळे ढोल उठले. बर्फाच्या भिंतीवरून भुगा निसटला, देवदारांच्या फांद्यांवरचं ओझं धपाधप खाली आलं, आणि लोक हसत हसत ते अंगावर घेत राहिले. मुलांच्या मानेवरून वाफा निघत होत्या. दोन आठवड्यांपूर्वी जी हाडं दुखत होती ती आता सगळ्या डोंगराला ऐकवत होती की आम्ही इथे आहोत. ताल एकदाही फाटला नाही. शेवटच्या गजरात चिनात्सु अशी वाजवत होती की तामेझो स्टुलावरून उठून उभे राहिले आणि सुनेने मागून त्यांचा कोट धरला.

ढोल थांबले. मग एकच कल्लोळ झाला.

त्या कल्लोळात चिनात्सुने जे केलं ते कुठे ठरलेलं नव्हतं. ती मंचावरून खाली उडी मारून गर्दीत शिरली. माध्यमिक शाळेच्या गणवेशातली काही मुलं मागे, कठड्याजवळ उभी होती. गेल्या वर्षीची सहावी. त्यातल्या एका उंच मुलीच्या हातात चिनात्सुने आपल्या काठ्या दिल्या. ती मुलगी नको नको म्हणत होती, पण हात काठ्यांवरून सुटत नव्हते. मंचावरच्या बाकी मुलांना कोणी सांगायला लागलं नाही. त्यांनीही उतरून आपापल्या काठ्या पुढे केल्या. हाझामाने घाबरून तामेझोंकडे पाहिलं. ढोल मंडळाचे होते.

तामेझोंनी मास्क खाली ओढला. "बघत काय राहिलात?" ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "चढा वर. आणि गुडघे वाकवा."

गेल्या वर्षीची मुलं चढली. वर्षभर त्यांनी ढोलाला हात लावला नव्हता, पण पहिल्या काही ठोक्यांत अडखळून ताल त्यांच्या हातात आला. आपण तो विसरलो नव्हतो हे कळल्यावर ती उंच मुलगी वाजवता वाजवताच हसायला लागली आणि मग सगळीच हसत हसत वाजवत राहिली. खाली यंदाची सहावी टाळ्यांनी ताल धरून उड्या मारत होती. मुनाकाता टाळ्या वाजवत होते, हातमोजे घालून, आवाज न होता.

उत्सव पांगायला लागला तेव्हा लाल घेवड्याच्या गोड खिरीचं पातेलं उघडलं गेलं. तामेझोंनी एक वाडगा भरला, त्यात मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, टाकला आणि स्वतः काठी टेकत निशिनाबाईंपर्यंत घेऊन आले. काठी काखेत मारून, वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरून ते वाकले, जितकं कंबर वाकू देईल तितकं.

"सेन्सेई," ते म्हणाले, "ढोल शाळेतच राहतील. आणि पुढच्या वर्षी पहिला ठोका तुम्हीच..."

"ते बोलू आपण नंतर," बाई म्हणाल्या. त्यांची नजर खिरीभोवती कोंडाळं केलेल्या मुलांवर होती. "आधी त्या पोरांना अंगरखे बदलायला सांगा बरं कोणीतरी, सगळी घामाने चिंब झालीयत."